पत्र्याखालचा उन्हाळा

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर गेल्याची बातमी येते, तेव्हा तो आकडा सावलीतल्या हवेचा असतो. त्याच वेळी उन्हातला पत्रा ६० अंशांच्या पुढे गेलेला असू शकतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी जे डोक्याला झोंबते, त्यातले बरेचसे हवेतून येतच नाही. ते थेट छतातून येते. पेटत्या शेगडीसमोर तोंड भाजते, तसाच हा प्रकार. म्हणूनच पंखा पाचवर ठेवूनही जिवाची काहिली थांबत नाही. पंखा हवा हलवतो, छताची धग अडवत नाही.

तेव्हा उपायाची सुरुवात छताच्या वरच्या बाजूने करायला हवी. नवा जस्ताचा पत्रा चकचकीत असतो आणि बरेचसे ऊन परतवतो. पण अशा चकचकीत धातूची एक खोड असते. जी उष्णता त्याने शोषली, ती तो आकाशाकडे सहजासहजी सोडत नाही, त्यामुळे तोही तापतोच. गंजलेल्या पत्र्याची तर गोष्टच नको. पांढरा चुना किंवा छतासाठीचा पांढरा रंग ऊन परतवतो आणि शोषलेली उष्णताही चटकन सोडतो. चुना पावसात धुपतो, पण स्वस्त असल्याने दर फाल्गुनात नवा हात देता येतो. छतावर धूळ साचली की गुण कमी होतो, हेही लक्षात ठेवावे.

अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत शेकडो माणसे दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा आला आणि पुढे वस्त्यांमधली छते पांढरी करण्याचे कामही त्यात आले. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच केले.

रंगवताना पत्र्यावर थेट उभे राहू नये. सिमेंटचा पत्रा तर सांगून फुटत नाही. त्यातल्या जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. ते घासू किंवा खरवडू नयेत, त्याचे तंतू फुप्फुसात जातात.

आतून वीतभर अंतर सोडून बांबूची चटई किंवा जाड कापड ताणले, तर पत्र्याची धग थेट अंगावर येत नाही. मात्र मधल्या पोकळीची दोन्ही टोके उघडी हवीत, नाहीतर तिथे गरम हवा कोंडते. स्वस्त म्हणून अनेकजण थर्माकोल लावतात. स्वयंपाक त्याच खोलीत होत असेल तर तो नकोच. आग लागली की तो वितळून पेटता गळतो.

दुपारी खिडक्या बंद ठेवा, हा सल्ला जाड भिंतींच्या वाड्यासाठी ठीक आहे. पत्र्याखाली तो बहुधा उलटा पडतो, कारण दुपारी आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम झालेली असते. उन्हाची खिडकी ओल्या गोणपाटाने झाकावी, पण भिंतीच्या माथ्याशी झरोका आणि समोरच्या बाजूला खाली हवेला वाट असू द्यावी. रात्री पत्रा लवकर निवतो, विटा मात्र उशिरापर्यंत धग सोडत राहतात. तेव्हा दारे उघडी हवीत. पण वस्तीत एकट्या बाईला दार उघडे टाकून झोपा म्हणणे सोपे आहे! कडी लागणारे जाळीचे दार हाच तिथे खरा आरोग्याचा खर्च.

विदर्भाच्या कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो, मात्र त्याच्या पाठीला बाहेरची हवा मिळायला हवी. मुंबई-कोकणात तो खोलीचा दमटपणाच वाढवतो. खोलीतली हवा चाळिशीपार गेली की नुसता पंखा उपयोगाचा नाही, उलट तो शरीर तापवू शकतो. अंग, कपडे ओले ठेवावेत. वृद्धांना घाम कमी येतो, तान्ह्यांना सांगता येत नाही. त्यांना भर दुपारी झाडाखाली, देवळाच्या मंडपात किंवा विहारात नेलेले बरे.

कोणी बरळू लागले, अंग भाजत असेल, शुद्ध हरपत असेल, तर तो उष्माघात समजावा. १०८ ला फोन करावा आणि गाडीची वाट न बघता अंगावर पाणी ओतून वारा घालायला लागावे. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.