घराला अलार्म तर बसवला, पण सेन्सर नीट लागलाय का? दार-खिडकीवर तो कुठे आणि कसा लावायचा?

दिवाळीची सुट्टी. फ्लॅटला कुलूप लावून सगळं कुटुंब गावी गेलंय. रात्री अडीच वाजता मोबाइलवर नोटिफिकेशन येतं, ‘मेन डोअर ओपन’. झोपमोड झालेल्या शेजारच्या काकांना फोन जातो. ते बॅटरी घेऊन बाहेर येतात, बघतात तर कुलूप जागच्या जागी, कडी-कोयंडा शाबूत. वाऱ्याने दार किंचित हललं आणि अलार्म वाजला, एवढंच.

दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री वैतागून कुणीतरी नोटिफिकेशन बंद करतं. त्यानंतर खरोखरच कुणी कडी-कोयंडा उचकटला, तरी कळणार कुणाला?

अशा वेळी दोष सिस्टीमला दिला जातो. पण बऱ्याचदा गडबड असते ती सेन्सर बसवण्यात. पाच-दहा मिलिमीटरचा फरक आणि न पुसलेल्या चौकटीवर घाईत चिकटवलेली टेप, एवढं पुरेसं असतं.

सेन्सरला नेमकं काय कळतं?

दार-खिडकीच्या सेन्सरचे दोन तुकडे असतात. मोठ्या तुकड्यात बॅटरी, सर्किट आणि सिग्नल पाठवणारा भाग असतो. छोट्या तुकड्यात फक्त चुंबक असतं.

बहुतेक सेन्सरच्या मोठ्या तुकड्यात ‘रीड स्विच’ असतो. काचेच्या बारीक नळीत लोखंडी मिश्रधातूच्या दोन पातळ पट्ट्या. चुंबक जवळ असलं की पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि सेन्सर म्हणतो, ‘दार बंद’. चुंबक लांब गेलं की पट्ट्या सुटतात आणि ‘दार उघडलं’ असा सिग्नल जातो.

ही कल्पना जुनीच आहे. दार उघडलं की विजेचं सर्किट जुळून घंटा वाजेल, अशा अलार्मचं पेटंट अमेरिकेतल्या ऑगस्टस पोप यांनी १८५३ मध्येच घेतलं होतं. रीड स्विच आला १९३६ मध्ये. तो शोधला बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधल्या वॉल्टर एलवूड यांनी.

म्हणजे सेन्सरला चोर दिसत नाही, कुलूपही दिसत नाही. त्याला कळतं ते फक्त दोन तुकड्यांमधलं अंतर. त्यामुळे दार बंद असताना हे अंतर कायम तेवढंच राहील आणि उघडल्यावर लगेच वाढेल, अशी जागा शोधणं हेच खरं काम.

दारावर नेमकी जागा कोणती?

मोठा तुकडा चौकटीवर, चुंबक दारावर. दार रोज आपटतं, म्हणून नाजूक सर्किट स्थिर बाजूला ठेवायचं. दोन्ही तुकडे घराच्या आतल्या बाजूलाच हवेत.

जागा निवडायची ती वरच्या कोपऱ्यात, बिजागरीच्या विरुद्ध बाजूला. बिजागरीजवळ दार अर्धं उघडलं तरी अंतर फारसं वाढत नाही. कडीच्या बाजूला मात्र दार थोडं ढकललं तरी चुंबक लांब जातं. वर लावल्याने लहान मुलांचे हात, झाडू आणि फरशी पुसतानाचं पाणी यांपासूनही सेन्सर वाचतो.

अनेक सेन्सरच्या एका कडेला छोटी रेघ किंवा बाण असतो. चुंबक त्याच कडेसमोर यायला हवं. उलट्या बाजूला लावलं तर सेन्सर कधी चालतो, कधी नाही.

किती अंतर चालेल, हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं आणि ते सोबतच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. तिथे २० मिलिमीटर लिहिलं असेल, तर प्रत्यक्षात ५ ते १० मिलिमीटरच ठेवलेलं बरं. अगदी काठावरचं अंतर ठेवलं की वाऱ्याने दार हललं तरी अलार्म वाजतो.

आपल्याकडे चौकट पुढे आणि दार थोडं आत, असं बऱ्याच घरांत असतं. मग दोन तुकडे एका पातळीत येत नाहीत. अशा वेळी आत असलेल्या तुकड्याखाली लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी ठेवून तो वर उचलायचा.

लोखंडी सेफ्टी डोअर असेल तर?

इथे अनेकांची फसगत होते. लोखंड चुंबकाची ताकद स्वतःकडे ओढून घेतं. त्यामुळे लाकडी दारावर व्यवस्थित चालणारा सेन्सर लोखंडी दारावर बराच जवळ आणावा लागतो. पत्र्यावर थेट चिकटवलेलं चुंबक तर आणखी कमजोर पडतं.

उपाय दोन. चुंबक आणि पत्रा यांच्यामध्ये प्लॅस्टिकची जाड पट्टी टाकायची, किंवा लोखंडी दारासाठीच बनवलेला जास्त पल्ल्याचा सेन्सर घ्यायचा.

फ्लॅटला बाहेर सेफ्टी डोअर आणि आत लाकडी दार असेल, तर पहिला सेन्सर लाकडी दारालाच लावणं सोपं पडतं. सेफ्टी डोअर दिवसभर दूधवाला, कुरियर, शेजारी यांच्यासाठी उघडत राहतं.

स्लायडिंग खिडकीचं काय?

शहरातल्या बहुतेक फ्लॅट्समध्ये तीन ट्रॅकची ॲल्युमिनियमची खिडकी असते. दोन सरकत्या काचा आणि एक मच्छरजाळी. ॲल्युमिनियम चुंबकाला अडवत नाही, ही चांगली गोष्ट. अडचण असते ती जागेची.

मोठा तुकडा बाजूच्या उभ्या चौकटीवर आणि चुंबक काचेच्या उभ्या पट्टीवर लावायचं. पण टेपचा कागद सोलण्याआधी दोन्ही काचा आणि जाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून बघायची. चुंबक मध्ये येऊन जाळी अडकली, तर दोन दिवसांत कुणीतरी ते उपटून टाकणार हे नक्की. म्हणून खिडकीसाठी बारीक आकाराचा सेन्सर घेतलेला चांगला.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. दोन्ही काचा सरकत असतील तर एका सेन्सरवर भागत नाही. एकतर दोन सेन्सर लावायचे, नाहीतर एक काच आतून स्क्रू किंवा लॉकने कायमची अडवून टाकायची.

टेप लावायची की स्क्रू?

भाड्याच्या घरात टेपच लावावी लागते. स्वतःच्या घरात लाकडी चौकटीला स्क्रू केव्हाही भक्कम. पण टेपसुद्धा वर्षानुवर्षं टिकते, नीट लावली तर.

चुना, डिस्टेंपर किंवा पोपडे धरलेल्या रंगावर टेप लावूच नका. टेप रंगाला चिकटते आणि रंगच भिंतीपासून सुटतो. ऑइल पेंट, सनमायका, पॉलिश केलेलं लाकूड, ॲल्युमिनियम यांवर पकड चांगली येते.

आधी जागा कोरड्या फडक्याने पुसा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. हँड सॅनिटायझर वापरू नका. त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर मागे राहतो. रॉकेलनेही तेलकटपणा उरतो.

चिकटवल्यावर अर्धा मिनिट जोरात दाबून धरा. टेपची पकड लगेच पूर्ण बसत नाही. थ्रीएम कंपनीच्या माहितीनुसार, त्यांची व्हीएचबी टेप खोलीच्या तापमानाला २० मिनिटांत सुमारे ५० टक्के, २४ तासांत ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण ताकद धरते. म्हणजे गावाला निघायच्या दिवशी सकाळी सेन्सर चिकटवणं चुकीचंच. किमान तीन दिवस आधी हे काम उरका.

स्क्रू लावायचा असेल तर आधी बारीक भोक पाडा, म्हणजे लाकूड चिरणार नाही. स्क्रू अर्ध्या इंचाच्या आसपासचा पुरे. यूपीव्हीसीच्या खिडकीला मात्र विचारल्याशिवाय ड्रिल लावू नका. तिच्या आत लोखंडी पट्टी आणि पाणी वाहून जाण्याचे मार्ग असतात, शिवाय वॉरंटीचाही प्रश्न येतो.

पावसाळ्यात सेन्सर का बिघडतो?

बिघडतो तो सेन्सर नव्हे, दार. पावसाळ्यात, विशेषतः कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत, लाकूड फुगतं. दार नीट बसत नाही, मारून लावावं लागतं. हिवाळ्यात तेच दार आकसतं आणि चौकटीत खुळखुळतं. मे महिन्यात बरोबर ठेवलेलं अंतर जुलैत आणि डिसेंबरमध्ये बदललेलं असू शकतं. म्हणून पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकदा तपासणी हवीच.

बसवल्यावर या तीन चाचण्या करा

१. दार अगदी सावकाश उघडा. हात आत जाण्याइतकी फट पडायच्या आत मोबाइलवर सूचना यायला हवी.

२. दार बंद करून, कुलूप लावून बाहेरून जोरात हलवा. अलार्म वाजता कामा नये.

३. दार दहा वेळा आपटा. त्यानंतर दोन्ही तुकडे हाताने चाचपून पाहा. एखादा हलत असेल तर टेप काढून नव्याने लावा. जुनी टेप पुन्हा दाबून उपयोग नसतो.

यानंतर घराचा मेन स्विच बंद करूनही एकदा बघा. वीज गेल्यावर वायफाय राउटर बंद पडला, तर वायफायवर अवलंबून असलेल्या सिस्टीमची सूचना मोबाइलवर येणार नाही. राउटर इन्व्हर्टरवर असणं आणि घरातल्या सायरनला स्वतःची बॅटरी असणं म्हणूनच महत्त्वाचं. सेन्सरची बॅटरी कमी झाल्याची सूचना आली, तर ती ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका.

हा सेन्सर काय करू शकत नाही?

काच फोडून कुणी आत आलं आणि खिडकीची चौकट जागची हलली नाही, तर या सेन्सरला काहीच कळत नाही. त्यासाठी काच फुटल्याचा आवाज ओळखणारा किंवा खोलीतली हालचाल टिपणारा वेगळा सेन्सर लागतो. सेन्सर दार अडवतही नाही. ते काम कुलूप, कडी आणि ग्रिलचंच आहे. सेन्सर फक्त हाक मारतो.

त्या हाकेला ओ देणारं कुणीतरी जवळ लागतं. गावाला जाताना शेजाऱ्यांना तसं सांगून ठेवा. सूचना आली तर एकट्याने आत शिरू नका, असंही सांगा. दार खरंच उघडं दिसलं तर आधी ११२ वर फोन करायचा.

पण शेजारी धावून येतील ते हाक खरी असेल तरच. दोनदा उगाच उठवलेले काका तिसऱ्यांदा बाहेर येतीलच असं नाही. त्यामुळे निघायच्या तीन-चार दिवस आधी एक पट्टी घ्या, दार बंद करा आणि त्या दोन तुकड्यांमधलं अंतर मोजा.