स्टोक रो : काशीनरेशांच्या विहिरीचं गाव

टेम्सच्या काठचं हेन्ली होड्यांच्या शर्यतींमुळे आपल्याकडेही माहीत आहे. तिथून पश्चिमेला चिल्टर्नच्या टेकड्या चढत पाचेक मैल गेलं की बीच वृक्षांच्या रानात स्टोक रो लागतं. सहा-सातशे वस्तीचं हे गाव. रेल्वे नाही, बाजारपेठ नाही. इंग्लिश खेड्यात असावं ते मात्र आहे. चकमकीच्या दगडात बांधलेलं छोटं चर्च, प्राथमिक शाळा, गावाचा हॉल, खेळाचं मैदान आणि जुने पब. या रानात पिढ्यान् पिढ्या बीचच्या लाकडाचे खुर्च्यांचे पाय कातणारे कारागीर राहत.

मुख्य रस्त्याला लागून एक ओतीव लोखंडी खांबांची, चारी बाजूंनी मोकळी छत्री आहे. तिच्यावर तेवीस फूट उंचीचा घुमट आणि खाली रहाट. रहाटाच्या यंत्रावर एक सोनेरी हत्ती उभा आहे. काशीच्या घाटावर शोभावी अशी ही वास्तू ऑक्सफर्डशायरच्या रानात आली ती पाण्याच्या टंचाईमुळे.

इंग्लंड म्हणजे बारमाही पाऊस आणि हिरवीगार कुरणं, असं आपण समजतो. पण चिल्टर्नच्या टेकड्या खडूच्या दगडाच्या आहेत. पडलेलं पाणी त्यात मुरून खोल जातं. वर ओढा नाही, झरा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्टोक रोचे लोक डबक्यांत आणि चिकणमाती काढून झालेल्या खड्ड्यांत साठलेलं गढूळ पाणी वापरत. कोरड्या दिवसांत मैलोन् मैल गाडीने पाणी आणावं लागे. स्वयंपाकाला वापरलेलं पाणी एका घरातून दुसऱ्या घरात जाई. माण-खटाव किंवा आष्टी-पाटोद्याच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

शेजारच्या इप्सडेन गावचा एडवर्ड अँडरडन रीड हा कंपनी सरकारचा अधिकारी. त्याने 1831 साली आझमगडला लोकांसाठी विहीर खणवली होती. पुढे बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्याचा स्नेह जडला. आपल्या मुलखातल्या पाणीटंचाईच्या गोष्टी तो त्यांना सांगे. घरातलं शेवटचं पाणी पिऊन टाकलं म्हणून एका पोराला आईने बेदम मारलं, ही त्यांतलीच एक. रीड 1860 साली मायदेशी परतला. इंग्लंडमध्ये काही दानधर्म करावा असं महाराजांच्या मनात आलं तेव्हा त्यांना हीच गोष्ट आठवली.

विहिरीचं काम सुरू झालं 10 मार्च 1863 रोजी. हातांनी खणलेली ही विहीर चार फूट रुंद आणि 368 फूट खोल आहे. आपल्या जुन्या मापात सांगायचं तर साठ पुरुषांहून खोल. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलची उंचीही तिच्यापुढे दोन-तीन फुटांनी कमीच भरते. एका माणसाला जेमतेम वाकता येईल एवढ्या त्या नळकांड्यात उतरून कोणीतरी खडू फोडत गेलं आणि वरची माणसं तो रहाटाने ओढून काढत राहिली. या मजुरांची नावं त्या छत्रीवर नाहीत, याची खंत वाटते. सगळा खर्च आला 353 पौंड 13 शिलिंग 7 पेन्स. रहाट जवळच्याच वॉलिंगफर्डच्या वाइल्डर कारखान्यातला. भरलेला पोहरा वर यायला दहा मिनिटं लागत. पाणी मात्र सर्वांना कायमचं मोफत.

मला या दानातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती विहिरीपेक्षा तिची देखभाल. रखवालदारासाठी शेजारी अष्टकोनी घर बांधलं. जागेला लागून चेरीची बाग लावली आणि तिच्या उत्पन्नातून विहिरीचा खर्च भागावा अशी सोय केली. बागेला महाराजांच्या नावावरून ‘इशरी बाग’ म्हणत. तिथेच त्यांच्या राजचिन्हातल्या माशाच्या आकाराचं तळंही खोदलं. नळपाणी योजनेची टाकी उभी राहते, उद्घाटन होतं आणि वीजबिल न भरल्याने ती कोरडी पडते, हे महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी पाहिलं आहे. इथे विहिरीला पाणी लागण्याबरोबरच तिच्या पोटापाण्याचाही विचार झाला होता.

या कथेला दुसरी बाजूही आहे. खणायला सुरुवात झाली त्या दिवशी इंग्लंडच्या युवराजांचं लग्न होतं आणि विहीर खुली झाली ती 24 मे 1864 रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी. बनारसचे महाराज तेव्हा बड्या जमीनदारीचे धनी होते. बनारसला संस्थानाचा दर्जा 1911 साली मिळाला. सत्तावन्नच्या उठावात ते इंग्रजांच्या बाजूने राहिले होते. 1860-61 मध्ये त्याच प्रांतात, दिल्ली-आग्र्याच्या दोआबात, भीषण दुष्काळ पडला होता. ऑक्सफर्डशायरला पोचलेला पैसा शेवटी रयतेच्या साऱ्यातून आलेला होता. पुढे 1882 साली राणीवरचा प्राणघातक हल्ला फसला, तेव्हाही महाराजांच्या खर्चाने स्टोक रोकरांना जेवण, पाव, चहा आणि साखर वाटली गेली. ही राजनिष्ठा मला रुचत नाही. तरीही गावाला स्वच्छ पाणी मिळालं आणि त्या पोराच्या आईसारख्या बायांचा जाच संपला, याचं मोल त्यामुळे कमी होत नाही.

त्या काळात असं दान एकटं नव्हतं. मुंबईचे सर कावसजी जहांगीर रेडिमनी यांनी लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये पिण्याच्या पाण्याचं कारंजं बांधून दिलं ते 1869 साली. ब्रिटनने भारताला काय दिलं याची यादी आपण शाळेत पाठ केली. भारताकडून ब्रिटनला मिळालेल्या या गोष्टी पाठ्यपुस्तकात कधी दिसल्या नाहीत.

विसाव्या शतकात गावात नळ आले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास विहिरीचा वापर थांबला. आज गावचा कारभार पॅरिश कौन्सिलकडे आहे. 1894 च्या कायद्याने आलेली ही इथली सर्वांत खालची पायरी. मालमत्तेवरच्या स्थानिक करात तिचा छोटा वाटा असतो. त्यातून मैदान, बाक, पायवाटा, हॉल असली कामं ती पाहते. शाळा आणि रस्ते काउंटीकडे, घरबांधणीची परवानगी डिस्ट्रिक्टकडे. आपल्या ग्रामपंचायतीच्या मानाने अधिकार फारच थोडे. पाणी तर पॅरिश कौन्सिलच्या हातात नाही आणि सरकारच्याही नाही, कारण इंग्लंडने 1989 साली पाणीपुरवठा खासगी कंपन्यांना विकला. जिथे पाणी मोफत देण्याचं वचन लोखंडी घुमटाखाली पाळलं गेलं, तिथे आता पाण्याचं बिल भागधारकांच्या कंपनीला भरावं लागतं. हा निर्णय चुकला होता, असं माझं ठाम मत आहे.

विहिरीची निगा आता एक विश्वस्त संस्था राखते. 1961 साली एलिझाबेथ राणी बनारसला गेल्या तेव्हा तिथल्या महाराजांनी त्यांना या विहिरीची हस्तिदंती प्रतिकृती भेट दिली. 1964 साली शताब्दीच्या समारंभाला प्रिन्स फिलिप आले आणि काशीहून आणलेलं गंगाजल विहिरीच्या पाण्यात मिसळण्यात आलं.

लंडनला येणाऱ्या मराठी पाहुण्यांनी एक दिवस इकडे काढावा. रेडिंगपर्यंत रेल्वे, पुढे मोटारीने नऊ-दहा मैल. विहीर रस्त्यालगतच आहे आणि ती पाहायला तिकीट लागत नाही. मुलांना बरोबर आणा आणि रहाटावरचा हत्ती दाखवा.