दुपदरी भिंग आणि ‘नवीन’ या शब्दाचा अर्थ

साध्या भिंगातून दिसणाऱ्या प्रतिमेच्या कडांवर रंगांची झालर उमटते. कारण निरनिराळ्या रंगांचे किरण काचेत निरनिराळ्या प्रमाणात वळतात. क्राऊन काचेच्या बहिर्गोल भिंगास फ्लिंट काचेच्या अंतर्गोल भिंगाची जोड दिली असता हा दोष बहुतांशी नाहीसा होतो. अशा दुपदरी भिंगाचे पेटंट इंग्लंडमध्ये जॉन डॉलंड यांस १७५८ साली मिळाले. परंतु चेस्टर मूर हॉल यांनी १७३३ च्या सुमारासच तशी भिंगे करवून घेतली होती. मात्र आपली युक्ती त्यांनी प्रसिद्ध केली नव्हती. मग डॉलंड यांचे भिंग नवीन म्हणावे काय?

१७६६ च्या खटल्यात न्यायालयाने हे पेटंट ग्राह्य धरले. शोध दडवून ठेवणारा नव्हे, तर तो लोकांपुढे आणणारा लाभास पात्र होय, असा त्यामागील विचार होता. म्हणजे ‘नवीन’ याचा अर्थ पूर्वी कोणासही न सुचलेले असा नसून, लोकांस पूर्वी उपलब्ध नसलेले असा होतो.

ब्रिटनचा १९७७ चा कायदाही हीच कसोटी लावतो. शिवाय ती युक्ती त्या विद्येतील जाणत्यास सहज सुचण्याजोगी नसावी, अशी निराळी अट तो घालतो. मात्र आजची कसोटी अधिक कठोर आहे. गुप्ततेचे बंधन नसलेल्या एका माणसास जरी ती युक्ती आधी कळली असेल, तरी नावीन्य संपते. हॉल यांच्या कारागिरांवर गुप्ततेचे बंधन होते काय, हा प्रश्न आज डॉलंड यांच्या पेटंटासाठी कळीचा ठरला असता.