वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत शोभेची घायपात

अकोला व अमरावती जिल्ह्यांत उन्हाळ्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसपलीकडे जाणे नवलाचे राहिलेले नाही. अशा दिवसांत शाळेच्या किंवा ग्रामपंचायत कार्यालयाच्या दर्शनी भागातील हिरवळ जगविणे खर्चाचे होते आणि ज्या गावी पिण्याचे पाणी टँकरने आणावे लागते, तेथे ते शोभतही नाही. म्हणून कमी पाण्यावर तग धरणाऱ्या घायपातीची लागवड करावी, असा विचार पुढे येतो. विचार योग्य आहे. परंतु ‘वाळवंटातील झाड, कोठेही जगेल’ अशा समजुतीने ते काळ्या मातीत लावले जाते आणि वर्षभरातच बुंध्याशी कुजते. वऱ्हाडात घायपात वैशाखाच्या उन्हाने सहसा मरत नाही, ती मरते श्रावणातील साचलेल्या पाण्याने. बागेची सारी आखणी ही गोष्ट ध्यानात घेऊनच केली पाहिजे.

घायपातीचे मूळ स्थान मेक्सिको व त्यालगतचा प्रदेश होय. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ साली या वनस्पतींना ‘अगेव्ह’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘भव्य’ किंवा ‘थोर’ असा आहे. आपल्याकडे मात्र ती शेताच्या बांधावरील कुंपणाचे आणि दोरखंडाचे झाड म्हणूनच परिचित झाली व त्यामुळे बागेत तिला मानाचे स्थान मिळाले नाही. वास्तविक तिची शरीररचना अभ्यासण्याजोगी आहे. बहुतेक वनस्पतींची पर्णरंध्रे दिवसा उघडतात. घायपातीची रंध्रे मुख्यतः रात्रीच्या गारव्यात उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपाने साठवून ती दिवसा, रंध्रे मिटलेली असताना, सूर्यप्रकाशात त्याचा उपयोग करते. त्यामुळे पानांतून पाणी फारच कमी उडते. विज्ञानाच्या शिक्षकांना शाळेच्या आवारातच दाखविता येईल असे हे उदाहरण आहे.

जमिनीची तयारी

बेसॉल्ट खडकापासून बनलेली वऱ्हाडची कपाशीची जमीन चिकणमातीची आहे. ती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यात भेगाळते. कपाशीला उपकारक ठरणारा हा ओलाव्याचा गुण घायपातीच्या मुळांना घातक ठरतो. यास्तव खड्डा खणून त्यात झाड लावू नये. उलट जमिनीवर दीड ते दोन फूट उंचीचा उंचवटा करावा. तळाशी विटांचे तुकडे किंवा फुटके दगड पसरावेत. त्यावर मुरूम दोन भाग, जाड रेती एक भाग व काळी माती एक भाग यांचे मिश्रण घालावे. चांगले कुजलेले शेणखत थोडेच पुरे. अधिक खताने पाने लुसलुशीत होऊन कुजण्यास बळी पडतात. उंचवट्याला चहूबाजूंनी उतार द्यावा आणि पावसाचे पाणी वाहून जाण्यास चर ठेवावा. वरून बारीक गिट्टीचा थर दिला म्हणजे बुंधा कोरडा राहतो आणि तणही कमी उगवते. हरियाणातील पंचकुला येथे १९८७ साली स्थापन झालेल्या निवडुंग उद्यानातही उंचवट्यांवर, दगडांच्या सान्निध्यात केलेली लागवड पाहावयास मिळते.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात अडचण दुहेरी आहे. तेथील जमिनीचा निचरा मंद आणि विहिरींचे पाणी खारे. घायपात काही प्रमाणात क्षार सोसते व तिला पाणी थोडे लागत असल्याने क्षारही कमी साचतात. तरीही अशा गावी उंचवटा अधिक उंच करावा आणि माती-पाण्याची तपासणी आधी करून घ्यावी. अकोल्यास १९६९ पासून असलेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा सल्ला यासाठी घेता येईल.

लागवडीसाठी मुळाशी फुटलेली पिले वापरावीत. ती कापून चार-पाच दिवस सावलीत ठेवावीत, म्हणजे जखम सुकते. पावसाळा सरल्यावर, कार्तिकाच्या सुमारास लावल्यास उन्हाळ्यापूर्वी मुळे धरतात. पहिल्या उन्हाळ्यात पऱ्हाट्यांची किंवा तुराट्यांची विरळ सावली करावी व दहा-बारा दिवसांनी एकदा भरपूर पाणी द्यावे. पुढे महिन्यातून एकदा दिले तरी चालते. पावसाळ्यात मुळीच देऊ नये.

जातीची निवड व सुरक्षितता

पिवळ्या कडांची मोठी अमेरिकन घायपात पूर्ण वाढल्यावर सहा फुटांहून अधिक जागा व्यापते. लहानशा वाफ्यात ती लावणे ही नेहमी आढळणारी चूक होय. मोकळ्या आवाराच्या मध्यभागी तिचे एकच झाड पुरेसे दिसते. अरुंद पानांची, पांढऱ्या कडांची जात लहान असून तीन किंवा पाचच्या गटात शोभते. या दोन्हींच्या पानांची टोके सुईसारखी असतात, म्हणून त्या वाटेपासून व खेळण्याच्या जागेपासून किमान सहा फूट दूर असाव्यात. प्राथमिक शाळेत तर बिनकाट्यांची, मऊ पानांची जातच लावावी. मात्र तिला दुपारच्या उन्हापासून आडोसा हवा, नाहीतर पाने करपतात. घायपात सावली देत नाही, हेही लक्षात असू द्यावे. ज्या शाळेत अद्याप कडुनिंबाचे एकही झाड नाही, तेथे आधी कडुनिंब लावावा.

घायपात व कोरफड एकच, असा समज खेड्यांत आढळतो. कोरफड सामान्यतः दरवर्षी फुलते आणि तिचा गर अंगाला लावतात. घायपातीच्या रसाने त्वचेला खाज सुटते व फोड येऊ शकतात. तेव्हा पाने कापताना हातमोजे वापरावेत, डोळे जपावेत आणि मुलांना हे काम सांगू नये.

शतकातून एकदाच फुलते ही प्रसिद्धी खरी नाही. बहुधा दहा ते तीस वर्षांत मध्यातून उंच दांडा निघतो, फुले येतात आणि ते झाड वाळते. रोग समजून कीटकनाशके मारण्याचे कारण नाही. भोवतालची पिले जागा घेतात. काही जातींच्या दांड्यावर शेकडो कंदिका धरतात व खाली पडून रुजतात. मेळघाटच्या पायथ्याच्या गावांनी त्या गळण्यापूर्वीच दांडा कापावा व कंदिका गोळा कराव्यात. त्या ओढ्यात किंवा जंगलाच्या कडेला टाकू नयेत. निवडक कुंडीत वाढवून इतर शाळांना द्याव्यात आणि उरलेल्या उन्हात पूर्ण वाळवून नष्ट कराव्यात.