मनकवड्यानं किती बोलावं?

गेल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या महिला मंडळानं ठरवलं, यंदा उखाणे नकोत, पैठणीचे खेळ नकोत, काहीतरी वेगळं करू या. वेगळं म्हणजे काय, यावर दोन मीटिंगा गेल्या. शेवटी आमच्या खजिनदारबाई म्हणाल्या, ‘‘माझा भाचा मेंटॅलिस्ट आहे.’’ अर्ध्या जणींना वाटलं, बिचाऱ्याला काही आजार आहे की काय! मग उलगडा झाला. मुलगा इंजिनीअर, पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या मनातलं ओळखून दाखवण्याचे कार्यक्रम करतो. आपल्याकडे याला किती छान शब्द आहे, मनकवडा.

मुलगा मोठा चुणचुणीत. पण त्यानं माइक हातात घेतला आणि पंधरा मिनिटं नुसता बोलतच राहिला. अंतर्मन काय, देहबोली काय, मेंदूच्या लहरी काय! मागच्या रांगेत तिळगुळाच्या पुड्या सुटायला लागल्या. मग त्यानं आमच्या एका मैत्रिणीला उभं केलं, ‘‘पहिलीत तुम्हाला शिकवणाऱ्या बाईंचं नाव मनात आणा’’ म्हणाला आणि एकदम गप्प झाला. अर्धा मिनिट कुणीच काही बोलेना. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. त्यानं पाटीवर नाव लिहिलं. बरोबर निघालं! पंधरा मिनिटांच्या भाषणानं जे जमलं नव्हतं, ते त्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेनं केलं. सगळ्या जणी खुर्चीच्या टोकावर आल्या.

पुढचं मात्र सांगायला जड जातंय. रंगात येऊन तो तिसऱ्या रांगेकडे बघत म्हणाला, ‘‘इथं कुणाच्या तरी मनात बरेच दिवस एक गोष्ट आहे. ती त्या घरातही बोलत नाहीत.’’ आता मैत्रिणींनो, खरं सांगा, तुमच्यापैकी कुणाच्या मनात अशी गोष्ट नाही? पण आमच्या बचतगटातल्या एक मावशी तोंडाला पदर लावून रडायलाच लागल्या. त्यांचा मुलगा तीन वर्षांपूर्वी घरातून निघून गेलाय, आजतागायत पत्ता नाही. कार्यक्रम संपल्यावर त्या चपलांपाशी उभ्या राहिल्या. हातात मुलाचा फोटो. ‘‘एवढं सांग बाळा, कुठं आहे तो?’’ पोरगा पांढराफटक पडला. काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेला, ‘‘मावशी, काळजी करू नका. येईल. सणासुदीला माणसं घरी येतातच.’’

मी तिथंच उभी होते. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. धीर द्यायला आपण सगळेच असं बोलतो.

गणपतीच्या सुमारास कळलं, मावशी संक्रांतीपासून पोलीस ठाण्यात गेलेल्याच नाहीत. आधी दर महिन्याला मी किंवा दुसरी कुणी त्यांच्याबरोबर जायचो, हरवल्याच्या तक्रारीचं पुढं काय झालं ते विचारायचो. ‘‘आता कशाला? त्या मुलानं सांगितलंय, दिवाळीला येतोय.’’ दिवाळी हा शब्द त्यानं उच्चारलाही नव्हता. ‘सणासुदीला’ची दिवाळी मावशींच्या मनानं केली होती.

कार्यक्रम ठेवणारी मी, तेव्हा निस्तरणंही माझंच काम होतं. मुलाला फोन केला. तो आला, हे त्याचं मोठेपण. मावशींच्या पायरीवर बसून त्यानं स्वच्छ सांगितलं, ‘‘मावशी, मला काही दिसत नाही. हा खेळ असतो. ते वाक्य मी प्रत्येक कार्यक्रमात म्हणतो, प्रत्येक वेळी कुणीतरी रडतंच.’’ मावशींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, ‘‘तुला तुझी शक्ती ठाऊक नाही रे.’’

परत येताना तो गाडीत गप्प होता. मग म्हणाला, ‘‘काकू, आमच्या लोकांत हा जुना वाद आहे, प्रयोग करताना किती बोलावं.’’ त्यानं जे सांगितलं आणि नंतर वाचायला पाठवलं (इंग्रजी फार अवघड असेल तिथं माझी लेक मदतीला), ते मला भलतंच रंजक वाटलं.

या कलेचा निम्मा इतिहास बोलण्याचाच आहे. लहानपणी रस्त्यावर गारुड्याचा खेळ पाहिलाय ना? जमुऱ्या चादरीखाली पडलेला. ‘‘जमुरे, साहेबांच्या हातात काय? बोल पटकन!’’ आणि जमुऱ्या सांगतो, घड्याळ. ‘बोल’ म्हटलं तर एक वस्तू, ‘सांग’ म्हटलं तर दुसरी, ‘पटकन’ जोडलं तर तिसरी, अशी सांकेतिक भाषा ठरवता येते. प्रश्नातच उत्तर! पॅरिसमध्ये रॉबेर-हूदँ हा नामवंत जादूगार १८४६ मध्ये आपल्या मुलाला घेऊन हाच प्रकार थिएटरात करायचा. लोकांना प्रश्नांच्या शब्दांचा संशय येऊ लागला, तेव्हा त्यानं बोलणंच बंद केलं, नुसती घंटी वाजवायला लागला. लोक आणखीनच चक्रावले.

पुढं ज्युलियस आणि ॲग्नेस झानसिग या मूळच्या डॅनिश जोडप्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडन गाजवलं. नवरा प्रेक्षकांत हिंडून वस्तू हातात घेणार, बायको स्टेजवर बसून ओळखणार. नवरा एक शब्द बोलतो आणि बायकोला पुढचं सगळं कळतं, यात जादू ती काय, हे आपल्या घरोघरी चालतं! पण शेकडो खुणा लक्षात ठेवून क्षणात उत्तर द्यायचं, म्हणजे केवढी मेहनत. शेरलॉक होम्स लिहिणारे आर्थर कॉनन डॉइल यांच्यासारख्या माणसानंही हे खरंच मनाचं मनाला कळणं आहे असं मानलं. तिथं मावशींना काय दोष द्यायचा?

आणि ते रडवणारं वाक्य? त्याचीही परीक्षा झालेली आहे. १९४८ मध्ये अमेरिकेत बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन लिहून दिलं. कितपत जुळतं, पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी ४.२६ आली. सगळ्यांना एकच कागद दिला होता! त्यातली वाक्यं त्यानं बहुतेक भविष्याच्या पुस्तकातून उचलली होती. आपल्याकडे दारात येणाऱ्या नंदीबैलवाल्याला हे फोररच्या आधीपासून ठाऊक आहे. बोलायचं त्यानं, मान हलवायची नंदीनं, आणि अर्थ लावायचा घरच्या बाईनं.

मला वाटायचं, उपाय सोपा आहे. सुरुवातीलाच सांगून टाकायचं की ही जादू आहे, चमत्कार नाही. पण नाही हो! बॅरी सिंगर आणि व्हिक्टर बेनासी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या वर्गांत एका हौशी जादूगाराचे प्रयोग लावले. काही वर्गांना सांगितलं की याच्याकडे अतींद्रिय शक्ती असल्याचं तो म्हणतो, काहींना स्पष्ट बजावलं की हा जादूगार आहे, हातचलाखी करणार आहे. १९८० च्या सुमारास त्यांनी निष्कर्ष छापले. बजावून सांगितलेल्या वर्गांतही अर्ध्याहून जास्त मुलांनी लिहिलं, याच्याकडे शक्ती आहे! ती कॉलेजातली मुलं. आमच्या मावशी चौथी शिकलेल्या, आणि त्यांना तर विश्वास ठेवायची गरज होती.

म्हणून मला साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या कार्यकर्त्यांची पद्धत आठवते. आमच्या शाळेत ते चमत्कारांचे प्रयोग करायला आले होते. मंत्रानं अग्नी पेटवला, मुलं आ वासून बघतायत, आणि लगेच पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीन पुढं ठेवून मुलांकडूनच पुन्हा पेटवून घेतला. तिथं खेळ झाल्यावर बोलणं आहे, आधी नाही. मनकवड्यानं असं सगळं उघडं करावं, असं मी म्हणणार नाही. त्याच्या पोटावर पाय येईल आणि आपलीही मजा जाईल. पण ‘मेंदूच्या लहरी’ कशाला? मंत्राच्या जागी विज्ञानाचे शब्द घातले, एवढाच फरक. माझ्या मते त्या पंधरा मिनिटांतलं हेच सगळ्यात वाईट होतं, कंटाळवाणं होतं म्हणून नव्हे, खोटं होतं म्हणून.

बोलून कार्यक्रम रंगवता येत नाही असंही नाही. सुहानी शाहचे कार्यक्रम माझी लेक मोबाइलवर बघत असते. सातव्या वर्षापासून स्टेजवर असलेली ही मुलगी अखंड बोलते, चेष्टामस्करी करते, आणि ही कला आहे, दैवी शक्ती नाही, हे लपवत नाही. जानेवारी २०२३ मध्ये दरबार भरवून मनातलं ओळखणाऱ्या बाबांवरून वाद पेटला, तेव्हा तिनं हिंदी वृत्तवाहिन्यांवर समोरच्यांच्या मनातलं ओळखून दाखवलं आणि वर हेही सांगितलं. आधी थक्क करून मग सांगितलं, म्हणून ते लोकांच्या कानात शिरलं असावं.

आमच्या मुलानं कार्यक्रम बदलला. भाषण तीन मिनिटांवर आलं. पाटीवरचं नाव जुळल्यावर, टाळ्या चालू असतानाच तो सांगतो की हा खेळ आहे आणि मला उद्याचं काही कळत नाही. ते ‘मनातली गोष्ट’ वाक्य काढून टाकलंय. त्यानं टाळ्या थोड्या कमी झाल्या, असं तो स्वतःच म्हणतो. कार्यक्रमानंतर कुणी काही विचारायला आलं तर काय बोलायचं, हे मात्र त्याला अजून नीट जमत नाही. मलाही सांगता आलं नाही.

दिवाळी आली आणि गेली. भाऊबीजेच्या संध्याकाळी मावशींनी त्याला फोन केला. अर्धा तास त्या बोलत होत्या म्हणे, मुलाला आवडणाऱ्या करंज्यांबद्दल, त्याच्या बंद खोलीबद्दल. तो नुसता ‘हं, हं’ म्हणत राहिला. पुढच्या सोमवारी मावशी पिशवीत फोटो घालून माझ्या दारात उभ्या होत्या. आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. तिथले साहेब बदलले होते, तेव्हा सगळी माहिती पहिल्यापासून पुन्हा सांगावी लागली.