मणक्याची इजा आणि साथीतली नोकरी : गैरसमज व वस्तुस्थिती

पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाने कोविडच्या साथीत कामावर परतावे की नाही, हा प्रश्न ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या अनेक घरांत २०२० च्या जूनमध्ये एकदम उभा राहिला. ८ जूनपासून खासगी कार्यालयांना १० टक्के कर्मचाऱ्यांसह काम सुरू करण्याची मुभा मिळाली. १५ जूनला लोकल धावू लागली, पण फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. म्हणजे ऑफिस उघडले, गाडी बंदच. त्यात २ जुलैपासून या शहरांत पुन्हा कडक टाळेबंदी लागली आणि ती १९ जुलैपर्यंत लांबली.

मणक्याचा पेशंट म्हणजे कोरोनाला आयते सावज, ही त्या काळातली सर्वांत पक्की समजूत. संसर्ग होणे हे संपर्कावर ठरते, मणक्यावर नाही. संसर्ग झाल्यावर तो किती बळावेल, यात मात्र इजेचा संबंध येतो, आणि तोही इजा कुठे आहे त्यावर. मणका म्हणजे हाड. त्याच्या पोकळीतून जाणारा मज्जारज्जू वेगळा. कमरेतली गादी सरकली असेल किंवा मणक्याला फ्रॅक्चर होऊनही मज्जारज्जू शाबूत असेल, तर फुप्फुसांचे काम इतर कोणासारखेच चालते. श्वासपटलाला चालना देणाऱ्या नसा मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून निघतात. जोरात खोकायला लागणारे पोटाचे स्नायू छातीच्या मणक्यांच्या खालच्या अर्ध्या भागातून निघणाऱ्या नसांवर चालतात. त्यामुळे मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जू दुखावला असेल, तर खोकला दुबळा होतो, कफ आत साचतो आणि साधा न्यूमोनियाही जड जातो. वय, मधुमेह, लठ्ठपणा हे धोके त्यावर आणखी चढतात. ‘स्पाइनचा पेशंट’ या एका शब्दात या सगळ्यांना कोंबून एकच सल्ला देणे चुकीचे होते, तरी सर्रास दिला गेला.

कारखान्याच्या किंवा कार्यालयाच्या फाटकावर थर्मल गन कपाळाला लावली की खरे-खोटे कळते, हाही असाच समज. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर मज्जारज्जू दुखावला असेल, तर इजेच्या खालच्या शरीराला नीट घाम येत नाही, रक्तवाहिन्यांचे आकुंचन-प्रसरणही बिघडते. असे शरीर भोवतालच्या हवेप्रमाणे तापते आणि निवते. मे महिन्याच्या उन्हात डोंबिवली एमआयडीसीच्या एखाद्या गेटवर वीस मिनिटे रांगेत थांबलेल्या व्हीलचेअरवरच्या कामगाराचा आकडा संसर्ग नसतानाही वर जाऊ शकतो, आणि एसीत बसलेल्याचा ताप झाकला जाऊ शकतो. शिवाय अशा माणसाला ताप येण्याची नेहमीची कारणे म्हणजे लघवीतला जंतुसंसर्ग आणि बेडसोअर. ताप दिसला की कोविड चाचणी हवीच, पण लघवीची तपासणी मागे ठेवून चालत नाही.

डॉक्टरांनी फिट सर्टिफिकेट दिले की झाले, असे कुटुंबे आणि कंपन्या दोन्ही धरून चालतात. ते सर्टिफिकेट बहुधा टेबलावरच्या कामापुरते असते. डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंतच्या ४८ किलोमीटरांबद्दल त्यात काही नसते. एरवी फास्ट लोकलने तास-सव्वातासात होणारा प्रवास २०२० मध्ये बसने आणि खासगी गाड्यांनी करावा लागत होता. कल्याणचा जुना पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला होता; नवा पूल २५ जानेवारी २०२१ ला खुला झाला. तोवर कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कोंडीत किती वेळ जाईल याचा भरवसा नव्हता. खड्ड्यांतले हादरे दुखऱ्या मणक्याला सोसत नाहीत हे सगळ्यांना कळते. मूत्राशयाचे वेळापत्रक मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. ज्यांना कॅथेटर घालून लघवी काढावी लागते, त्यांना ते दर चार ते सहा तासांनी करावे लागते. जाण्या-येण्याचे पाच तास आणि मध्ये वापरण्याजोगे स्वच्छतागृह नाही, असा दिवस त्यांना पेलत नाही. वरच्या पातळीची इजा असेल, तर तुंबलेली लघवी किंवा दुमडलेली नळी एवढ्यानेही रक्तदाब अचानक भडकतो, डोके ठणकते, चेहरा लाल होतो. ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे आणि शीळफाट्याच्या कोंडीत ती निस्तरणे अवघड.

दिव्यांगांना लोकलची मुभा २०२० चा पावसाळा सरता सरता मिळाली. त्याने कुबड्या किंवा काठी घेऊन चालणाऱ्यांची सोय झाली. व्हीलचेअरवाल्यांची नाही, कारण फलाट आणि डब्यातली फट तशीच होती.

मग घरून काम केलेले बरे, असे वाटणे साहजिक आहे. तेही सरसकट खरे नाही. वन रूम किचनमध्ये पलंगावर मांडी घालून किंवा उशीला टेकून लॅपटॉपवर आठ तास बसणे कमरेच्या गादीला ऑफिसच्या खुर्चीपेक्षा वाईट. बधिर भागावरचा दाब दर पंधरा ते तीस मिनिटांनी हलवला नाही, तर जखम कळायच्या आत पडते आणि भरायला महिने घेते. ‘घरात म्हणजे सुरक्षित’ हेही अर्धेच खरे. ज्याला उचलून बसवावे लागते त्याला दोन मीटरचे अंतर पाळता येत नाही. घरी येणारा मदतनीस हाच त्याचा बाहेरच्या जगाशी संपर्क. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तर खाली उतरवायलाही दोघे-तिघे लागतात. व्हीलचेअरच्या चाकाला लागलेले थेट हाताला लागते, म्हणून रिम पुसणे आणि हात धुणे हे मास्कइतकेच जरुरीचे.

मणक्याच्या पेशंटने लस घेऊ नये, असेही पसरले होते. मणक्याची इजा हे लस नाकारण्याचे कारण नाही. उलट १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयोगटाला सहव्याधींमुळे जे प्राधान्य मिळाले, त्या यादीत मोठ्या प्रमाणावर आधार लागणाऱ्या दिव्यांग व्यक्तीही होत्या. अडचण लशीची नव्हती, लसीकरण केंद्रापर्यंत पोचण्याची होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन्ही डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांनाच लोकल खुली झाली. घराबाहेर पडता न येणाऱ्यांना घरपोच लस देण्याची केंद्र सरकारची घोषणा आली २३ सप्टेंबरला. क्रम उलटा हवा होता.

नोकरी जाईल या भीतीने अनेक जण वेळेआधी कामावर हजर होतात. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सरकारी आस्थापनांना, म्हणजे महापालिका आणि परिवहन सेवांनाही, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्याला काढून टाकायला किंवा पदावनत करायला मनाई करतो. जुने काम झेपत नसेल, तर त्याच वेतनावर दुसरे पद. तेही नसेल, तर जादा पद निर्माण करून सामावून घ्यायचे. यासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट नाही. ती आरक्षणासारख्या लाभांना आहे. केंद्र सरकारने मे २०२० मध्ये आपल्या दिव्यांग कर्मचाऱ्यांना कार्यालयात येण्यातून सूट दिली होती. खासगी कंपनीला हा हुकूम लागू नव्हता, आणि पद राखण्याचे कलमही तिला तसेच्या तसे लागू होत नाही. समान संधी धोरण मात्र तिलाही करावे लागते.

वागळे इस्टेट किंवा डोंबिवलीच्या कारखान्यांतल्या कामगाराचा खरा आधार कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय). वेतन महिना २१,००० रुपयांपर्यंत (दिव्यांगांसाठी २५,०००) असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवस सुमारे ७० टक्के वेतन मिळते. पॅराप्लेजियासारख्या दीर्घ आजारात, सेवेच्या अटी पूर्ण असतील तर, ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत. इजा कामावर झाली असेल, तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ ९० टक्के. फाटकाबाहेर झालेला अपघात यात धरत नाहीत, हा समज २०१० पासून चुकीचा आहे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने घर ते कारखाना या वाटेवरचा अपघातही, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, कामावरचीच इजा ठरतो.