कोपऱ्यात उभी छडी

आई बाजाराला गेलेली. आठ वर्षांचा मुलगा उंचावरची एक वस्तू काढायला खुर्चीवर चढतो, तेलाचे भांडे खाली पडून फुटते आणि सगळे तेल जमिनीवर पसरते. पोराने आधी पुसून पाहिले. तेलच ते, पुसले जाईना. मग तो बाहेर गेला, कुंपणातली एक लवचिक छडी तोडली, चाकूने तिच्या सालीवर नक्षी कोरली आणि आईच्या वाटेवर जाऊन उभा राहिला. ती दिसताच काय घडले ते त्याने सांगून टाकले आणि छडी तिच्या हातात ठेवली. आईने छडीवरची नक्षी पाहिली, पोराचे तोंड पाहिले आणि तिला हसू आले.

इटलीत तुरीन शहराजवळ बेक्की नावाची छोटीशी वस्ती आहे, तिथली ही सुमारे दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलाचा जन्म १८१५ चा. वडील वारले तेव्हा तो दोन वर्षांचाही नव्हता. आई मार्गरिटा शेतकरी बाई, लिहिता-वाचता न येणारी. हाच मुलगा पुढे कॅथलिक पाद्री झाला आणि डॉन बॉस्को या नावाने ओळखला जाऊ लागला. मुंबईत माटुंग्याला याच नावाची शाळा आहे. पाटी आपण येता-जाता वाचतो, माणूस मात्र ठाऊक नसतो.

मार्गरिटाच्या घरात कोपऱ्यात एक छडी कायम उभी असे. मुलांना ती दिसायची. तिने ती कधी वापरली नाही, असे डॉन बॉस्कोचे चरित्रकार सांगतात. याचा अर्थ ती लाडावणारी होती असा कुणी घेऊ नये. कामे ठरलेली, प्रार्थना ठरलेली, खोटे बोललेले चालत नसे. तिच्या सांगण्याला वजन होते आणि मुलांना ते कळत होते.

ख्रिस्ती घरांत छडीला धर्माचा आधार दिला जातो, हे इथे सांगायला हवे. बायबलमध्ये हजरत सुलेमान (अलै.) यांच्या नावाने ‘नीतिसूत्रे’ हा भाग आहे. त्यात मुलाला छडीने वळण लावण्याबद्दलची वचने आहेत आणि पिढ्यान् पिढ्या आई-बापांनी ती पुढे करून मुलांना झोडपले आहे. दक्षिण आफ्रिकेत तर ख्रिस्ती शाळांची एक संघटना, मुलांना मारणे हा आमच्या धर्मस्वातंत्र्याचा भाग आहे, असे म्हणत थेट घटना न्यायालयात गेली होती. न्यायालयाने २००० साली तिचे म्हणणे फेटाळले.

मारण्याच्या विरोधात असलेले ख्रिस्ती लोकही बायबल हातात घेऊनच बोलतात. त्यांचा एक मुद्दा असा: ‘नीतिसूत्रे’मध्ये छडीसाठी जो हिब्रू शब्द आहे, तोच स्तोत्रसंहितेत मेंढपाळाच्या काठीसाठी येतो, आणि तिथे त्या काठीने भक्ताला धीर मिळतो. मेंढपाळ काठीने कळप राखतो, लांडगा हाकलतो. मेंढरांना बडवत बसत नाही. मुद्दा सुंदर आहे, पण मला तो पुरेसा वाटत नाही, कारण त्याच ग्रंथातली दुसरी वचने माराबद्दल स्पष्टच बोलतात. दुसरा मुद्दा मला जास्त वजनदार वाटतो. पौलाच्या पत्रांत बापाला ताकीद आहे की मुलांना चिडीस आणू नका, त्यांची उमेद खचेल. आणि हजरत ईसा (अलै.) मुलांशी कसे वागले? शिष्य मुलांना दूर सारत होते, तेव्हा त्यांनी मुलांना जवळ बोलावले.

डॉन बॉस्को शब्दांच्या अर्थावर फारसा वाद घालत बसला नाही. त्याच्यासमोर मुलेच होती.

८ डिसेंबर १८४१. तुरीनमधल्या एका चर्चच्या आतल्या खोलीत गवंडीकाम करणारा एक अनाथ पोरगा थंडीतून येऊन उभा राहिला. तिथल्या सेवकाने त्याला उपासनेच्या वेळी मदत करायला सांगितले. पोराला ते येत नव्हते. सेवकाने धूळ झटकायचा दांडा उचलला आणि त्याला मारत बाहेर हाकलले. डॉन बॉस्को ओरडला, “त्याला का मारता? तो माझा मित्र आहे.” पोराला परत बोलावले. नाव विचारले. वाचता येते का? नाही. गाता येते का? नाही. शीळ घालता येते का? पोरगा हसला. त्या भेटीतून पुढचे सगळे काम सुरू झाले, असे डॉन बॉस्को स्वतःच आठवणींत लिहितो. गवंडी, धुराडी साफ करणारी पोरे, तुरुंगातून सुटलेली मुले त्याच्याकडे येऊ लागली.

या अनुभवातून १८७७ साली त्याने छोटासा लेख लिहिला. मुलांना वाढवण्याच्या दोन पद्धती त्याने मांडल्या. एका पद्धतीत नियम सांगायचे, मग पाळत ठेवायची आणि चूक झाली की शिक्षा करायची. ही पद्धत सोपी आहे, कमी कष्टाची आहे, सैन्यात चालते, हे तो मोकळेपणाने मान्य करतो. दुसऱ्या पद्धतीत मोठ्या माणसाने मुलांमध्येच असायचे, बापाच्या मायेने, म्हणजे चूक व्हायच्या आतच सावरता येते. समजावणे, धर्म आणि माया या तिच्या तीन गोष्टी. मारणे, त्रास होईल असे गुडघ्यावर बसवणे, कान ओढणे हे त्याने साफ वर्ज्य ठरवले. यामुळे मुले चिडतात आणि मारणारा स्वतःही खाली येतो, असे त्याचे म्हणणे. प्रार्थनेसाठीसुद्धा मुलांवर सक्ती करू नये, त्यांना गोडी लागेल असे करावे, हेही त्याने लिहिले.

हे वाचून आपल्यापैकी कुणाच्या मनात सात वर्षांच्या आणि दहा वर्षांच्या मुलाच्या नमाजबद्दलची हदीस आली असेल. माझ्याही आली. पण आपण थेट दहाव्या वर्षावर येतो. मधली तीन वर्षे, ज्यांत मुलाला रोज सोबत घेऊन उभे राहायचे असते, ती आपण किती घरांत पाळतो? आणि हजरत अनस (रजि.) लहानपणापासून दहा वर्षे प्रेषितांच्या (स.) सेवेत होते, त्यांना एकदाही ‘उफ्’ ऐकावे लागले नाही, हे मुलांना मारताना कुणाला आठवत नाही.

सोबत राहणे किती अवघड असते, हे मार्गरिटालाच विचारावे. १८४६ मध्ये ती म्हातारपणी मुलाबरोबर तुरीनच्या वाल्दोक्को भागात राहायला आली आणि रस्त्यावरच्या पोरांची आई झाली. पोरांनी तिचा भाजीचा वाफा तुडवला, वाळत घातलेले कपडे मातीत लोळवले. एकदा ती कंटाळून म्हणाली, मी गावी परत जाते. मुलाने काही न बोलता भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट दाखवले. क्रूसाबद्दलची त्यांची श्रद्धा आपली नाही; पण त्या बाईला त्यातून काय कळले ते आपल्यालाही कळू शकते. ती राहिली. १८५६ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिली.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारायला बंदी आहे. घरात मात्र हात आपला आणि मूलही आपलेच. मागच्या रमजानमध्ये मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला मारले. सरबताचा जग सांडला म्हणून. इफ्तारला दहा मिनिटे होती, डोके तापले होते, हात उठला. तो रडला नाही. फडके घेऊन आला आणि पुसू लागला, माझ्याकडे न बघता.

१८८४ मध्ये डॉन बॉस्कोने रोमहून आपल्या लोकांना पत्र लिहिले. त्यात दोन पटांगणे आहेत. पहिल्यात पाद्री मुलांबरोबर पळतात, खेळतात. दुसऱ्यात मुले भिंतीला टेकून कंटाळलेली आणि मोठी माणसे लांब आपापसात बोलत उभी. मुलांवर तुमचे प्रेम आहे हे मी जाणतो, असे तो लिहितो, पण ते मुलांना दिसायला हवे.

ते पत्र वाचले त्या संध्याकाळी मी मगरिबनंतर मोबाईल कपाटात ठेवला आणि मुलाजवळ चटईवर जाऊन बसलो. तो गणिते सोडवत होता. बराच वेळ त्याने मान वर केली नाही. मग विचारले, “अब्बू, काही हवंय का?”